पातेल्यात उरेल ते

सलग तीन वर्षं पाऊस रुसला, धान्याचे भाव चढले ते उतरलेच नाहीत, आणि मग टाकलेल्या अन्नावर वजनाने आकार बसू लागला. मिरजेच्या सारंग सोसायटीतल्या बायकांनी आधी त्या आकाराला मनसोक्त नावं ठेवली आणि नंतर एकेक करून घरात मापाडी बसवला. शाल्मली हसबनीसने सगळ्यांत शेवटी बसवला. सगळ्यांत कमी अन्न टाकणाऱ्या घराचं सोसायटीचं पहिलं बक्षीस मात्र तिला मिळालं.

कंपनीने त्या यंत्राला भलतंच लांबलचक नाव दिलं होतं, ते कुणाच्या जिभेवर बसेना. बाजारात धान्य मापून देणाऱ्याला मापाडी म्हणतात, म्हणून शाल्मलीच्या सासूबाईंनी, माईंनी, ते नाव ठेवलं आणि ते सोसायटीभर झालं. ओट्याखाली बसणारं ते एक कपाट होतं. तांदूळ, डाळी, पीठ, साखर सगळं त्याच्या पोटात. जेवणाच्या टेबलावर प्रत्येकाच्या जागी त्याची एक पातळ चकती असे; ताट ठेवलं की वजन घेई, उचललं की पुन्हा घेई. तशीच एक चकती ओल्या कचऱ्याच्या डब्याखाली. कोण किती खातं, सोमवारी किती, सणाला किती, भेंडी असली की किती आणि दुधी असला की किती, हे तो शिकत जाई. सकाळी त्या दिवसाला लागेल तेवढंच धान्य खणात ओती, आणि महिन्याची यादीही तोच करून दुकानाला पाठवी. काही वाया गेलं नाही तर दाराशी हिरवा दिवा, गेलं तर तांबडा. दार उघडं असलं की जिन्यावरूनसुद्धा तो दिवा दिसे, हे कंपनीने मुद्दामच केलं असावं.

हसबनीसांच्या घरी त्याची गरज होती. शाल्मलीचा नवरा श्रीरंग तंबोऱ्यांच्या कारखान्यात होता. दुष्काळात भोपळेच पिकेनात, आणि भोपळ्याशिवाय तंबोरा होत नाही. त्यामुळे त्याचं काम निम्म्यावर आलं होतं. घर चालत होतं ते शाल्मलीच्या पगारावर. ती गावोगावच्या पाणीयोजनांचं गणित करणाऱ्या एका कंपनीत होती. मापाडी आला आणि किराण्याचा खर्च दर महिन्याला खाली उतरत गेला. रेवाच्या, म्हणजे मुलीच्या, शिकवणीचे पैसे त्यातूनच निघाले.

गच्चीवर बक्षीससमारंभ झाला तेव्हा माईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. माई कीर्तनकार. माईक हातात आला की त्यांना वय राहत नसे.

"आमच्या सुनेने घरात काही म्हणजे काही उरू दिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "एक मी तेवढी उरले आहे. डब्यात मावत नाही म्हणून."

गच्ची हसली. शाल्मलीही हसली.

*

जेवताना 'पुरे' म्हणायची आपली एक रीत आहे. पहिलं 'पुरे' पोटातून येत नाही, वळणातून येतं. वाढणारीने ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचं, पोळी हातात तशीच धरून "अर्धी तरी" म्हणायचं. जेवणाऱ्याने ताटावर हात आडवा धरायचा, आणि त्या हाताला वळसा घालून पोळी ताटात पडायची. या खेळात कुणी हरत नसे. घराघरांतली किती माणसं या आग्रहावर जगली, ते एक देवच जाणे.

मापाडी आल्यावर पहिल्याच आठवड्यात तो खेळ बंद पडला. शाल्मलीने माईंना आग्रहाने वाढलेली पोळी ताटात अर्धी राहिली आणि दाराशी तांबडा दिवा लागला.

"आई, आजी नको म्हणाली होती ना," रेवा म्हणाली. "नको म्हणजे नको. शाळेत आम्हाला पहिलीपासून हेच शिकवतात."

"बरोबर आहे तिचं," माई म्हणाल्या. "मला खरंच एक पोळी पुरते गं. तू उगाच वाढतेस."

श्रीरंगही म्हणाला, "आईच्या वयाला रात्रीचं कमीच बरं."

मग पोळी एकच होऊ लागली. काही दिवसांनी ती पोळी लहान झाली, कारण खणात पीठच तेवढं येई. माईंचं ताट मात्र रोज लख्ख. पानात टाकणं हे त्यांना पाप वाटे. मापाडीच्या पडद्यावर त्यांच्या नावापुढे 'वयपरत्वे भूक कमी' असं आपोआप उमटलं होतं, आणि ते वाचून शाल्मलीला यंत्राचं कौतुकच वाटलं होतं. माणसाकडे इतकं बारीक लक्ष माणूससुद्धा देत नाही, असं ती ऑफिसात म्हणालीही होती.

दिवाळीनंतर माईंच्या पोलक्यांना टिपा घालाव्या लागल्या. एका कीर्तनात पूर्वरंगातच त्यांनी पेटीवाल्या शामरावांच्या खांद्याचा आधार घेतला आणि श्रोत्यांना सांगितलं, "आज शामराव जरा डगमगतायत, त्यांना धरून उभी आहे." लोक हसले. शामराव हसले नाहीत. त्यांनी नंतर श्रीरंगला गाठून सांगितलं, "त्यांना कुणाला तरी दाखवा. हाताला नुसतं हाड लागलं."

डॉक्टरांनी रक्त तपासलं. रक्त कमी होतं, प्रथिनं कमी होती, बाकी रोग काही नव्हता. "वय आहे," ते म्हणाले, "भूक मंदावतेच." गोळ्या दिल्या. शाल्मलीच्या मनात आलं, मापाडीने हे आधीच सांगितलं होतं.

*

एके दुपारी तिची एका गावची पाहणी रद्द झाली आणि ती अवेळी घरी आली. दार लोटलेलं होतं. माई स्वयंपाकघरात ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. सकाळच्या आमटीचं पातेलं त्यांच्या हातात होतं. पातेल्याला लागलेली आमटी त्यांनी बोटाने चारी बाजूंनी निपटून चाटली. मग पातेल्यात फुलपात्रभर पाणी ओतलं, गोल फिरवलं, आणि पातेलं तोंडाला लावून ते पाणी त्या प्यायल्या.

शाल्मलीच्या हातातली पिशवी खाली पडली तेव्हा त्या वळल्या.

"लवकर आलीस?"

"काय करताय माई?"

"काही नाही. पातेलं विसळत होते."

"विसळलेलं प्यायलात तुम्ही."

"मग? आमटीचंच पाणी ते. ओतून दिलं तर तुझा मापाडी रागवेल."

शाल्मलीने कुकरचं झाकण उघडलं, पोळ्यांचा डबा उघडला, फ्रीज उघडला. सगळीकडे स्वच्छ. जिथे म्हणून काही उरायला जागा होती तिथे काहीही उरलेलं नव्हतं. या रिकामेपणासाठीच तर तिला गच्चीवर बक्षिसाचा नारळ मिळाला होता.

"रोज असं करता?"

माई स्टुलावर बसल्या. त्यांना नाही म्हणता आलं असतं. पण कीर्तनकाराच्या तोंडून खोटं निघायला जरा वेळ लागतो, आणि तेवढ्यात शाल्मली त्यांच्यासमोर जमिनीवर बसली होती.

"मी लग्न होऊन आले तेव्हा घरभर माणसं," माई म्हणाल्या. "पंगतीमागून पंगत. सगळ्यांचं झालं की मी. पातेल्यात उरेल ते माझं. कधी भरपूर उरे, कधी नुसती खरवड. पुढे माणसं पांगली. तू आलीस, तू मला टेबलावर सगळ्यांबरोबर बसवलंस. मला बरं वाटलं, खोटं नाही सांगत. पण तिथे माझं जेवण होत नाही गं. तिथे मी तुम्हाला जेवताना बघते. एखादी पोळी खाते, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. जेवते ती नंतर. तुम्ही गेलात की. उभ्याने, पातेल्यातून. सकाळचा भात ताकात कालवून, शिळी पोळी कुस्करून. माझं ताट ते. तुम्हाला कधी दिसलं नाही, कारण ताट नव्हतंच."

"मग उरेनासं झालं तेव्हा बोलायचं नाही?"

"काय बोलू? सूनबाई, तुझ्या घरात काही वाया जात नाही, म्हणून मी उपाशी आहे, असं?" माई हसल्या. "तुला बक्षीस मिळालं. पोरीची शिकवणी लागली. आणि खरं सांगू? मला मागता येत नाही. भर देवळात मी देवाला चार खडे शब्द सुनावते. पण 'अजून एक पोळी दे' हे एवढंसं वाक्य माझ्या तोंडून आजवर निघालेलं नाही. आईकडेही नाही."

शाल्मलीला आपल्या कामातला एक शब्द आठवत होता. टाकीतून जेवढं पाणी सुटतं आणि मीटरवर जेवढं मोजलं जातं, त्यात नेहमी फरक असतो. मधलं पाणी कुठे गेलं ते हिशेबात लागत नाही. त्याला गळती म्हणतात. गळती शोधायची आणि बंद करायची, हेच तर तिच्या कंपनीचं काम. पण जुनी माणसं नव्या पोरांना एक गोष्ट बजावून सांगतात, आणि तीही सांगे: सांधा आवळण्याआधी तिथे जाऊन बघून या. पुष्कळदा त्या गळतीवर कुणीतरी हंडा लावून बसलेलं असतं.

पातेल्यातून जे नाहीसं होई ते ना कुणाच्या ताटात मोजलं जाई, ना डब्यात. मापाडीने त्याला गळती धरलं होतं. मग तो शहाण्या यंत्रासारखा ती थेंबाथेंबाने बंद करत गेला.

त्या संध्याकाळी शाल्मलीने मापाडीची वायर काढली.

*

पण वायर काढून भूक परत येत नाही. शाल्मली अंदाजाने तांदूळ घेऊ लागली, मूठभर जास्तच. मऊ भात, वर तूप, सायीचं दही. माई चार घास खात आणि म्हणत, "पुरे." शाल्मली पोळी हातात धरून उभी राही. पूर्वी तिला कळायचं, हे पुरे खरं की वळणाचं. आता कळेना. आग्रह करून घातलं तर माई मुकाट्याने गिळत आणि तासाभराने उलटून टाकत. पातेल्यात मुद्दाम ठेवलेलं अन्नही तसंच राहू लागलं; कुणी ठेवलं आहे हे माहीत झाल्यावर ते उरलेलं राहिलं नव्हतं.

डॉक्टरांना आता सगळं सांगितलं. "शरीर सवय करून घेतं," ते म्हणाले. "कमीवर जगायला शिकतं, आणि मग भुकेची हाकच मारत नाही. कोंबून उपयोग नाही, उलट धोका आहे. थोडं थोडं द्या. त्यांनी आपण होऊन मागायला लागलं पाहिजे. शिमग्यापर्यंत वजन वर आलं नाही तर मात्र..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. श्रीरंगने ते मनातल्या मनात पुरं केलं आणि बाहेर येऊन जिन्यावर बसून राहिला.

"माझी आई," तो म्हणाला, "आणि तिच्या वयाला कमीच बरं, असं मी म्हणालो."

शाल्मली दुसऱ्या दिवशी सांगलीला मापाडीच्या कंपनीत गेली. यंत्रात मापांचा हिशेब बसवणाऱ्या विभागाचा प्रमुख फैजान मुजावर मूळचा मिरजेचा, सतारमेकर गल्लीतला. त्याचे काका श्रीरंगबरोबर कामाला होते. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"वहिनी, माईंचं किमान प्रमाण मी आत्ता बांधून दिलं असतं. पण नियम असा आहे की प्रौढ माणसाच्या जेवणाचं माप त्याच्या स्वतःच्या आवाजातच बदलता येतं. घरच्यांनी परस्पर बदललं तर सुनांनी सासवांचं कमी केलं असतं, म्हणून हा नियम. त्यांनी यंत्रासमोर एकदा म्हणायचं, मला अजून हवं. बस."

"तेवढंच त्यांना येत नाही."

फैजानला ते पटकन कळलं नाही. शाल्मलीने त्याच्यासमोरचा चहाचा कप पुढे ओढला.

"हा तू अर्धा टाकलास, तर मला कळतं तुला किती हवा होता. अर्धा. पण तू सगळा प्यायलास, तर मला काय कळलं?"

"की मला एक कप हवा होता."

"निदान एक कप हवा होता. दोन हवे असतील, तीन हवे असतील. रिकामा कप त्याबद्दल काहीच सांगत नाही. तुमचं यंत्र रिकाम्या ताटाला काय समजतं?"

फैजान खुर्चीत सरळ बसला. "समाधान," तो हळूच म्हणाला. "आणि मग अजून कमीत भागतं का ते बघायला दुसऱ्या दिवशी किंचित उतरवतो. किंचितच. माणसाने मागितलं की तिथे थांबतो."

"आणि ज्याने मागितलं नाही?"

तो पडद्याकडे वळला. सगळ्या गावाचे आकडे त्याच्यासमोर होते. नावं नव्हती, वय आणि बाई-पुरुष एवढंच. त्याने साठीपुढच्या माणसांच्या रेषा काढल्या. पुरुषांच्या रेषा थोड्या उतरून सपाट झाल्या होत्या. बायकांच्या पुष्कळशा रेषा सपाट झालेल्याच नव्हत्या. जिना उतरावा तशा उतरत होत्या. प्रत्येकीपुढे यंत्राने तेच लिहिलं होतं, वयपरत्वे.

"गेल्या वर्षी मिरजेने किती अन्न वाचवलं ते पेपरात आलं होतं," शाल्मली म्हणाली. "त्यातलं किती वाचवलेलं होतं, आणि किती यांच्या पोटातलं?"

फैजानने फोन काढला आणि स्पीकरवर लावला. पलीकडून त्याची आई बोलली; ती निपाणीला थोरल्या मुलाकडे राही.

"अम्मी, जेवलीस?"

"जेवले की. तू जेवलास का?"

"काय जेवलीस?"

"होतं ते जेवले. आज काय हे नवीन? सून बरी आहे ना रे माझी, मला काही कमी नाही."

"अम्मी, पोट भरलं का?"

"म्हाताऱ्या माणसाला किती लागतं बाबा," ती म्हणाली.

फोन ठेवून तो म्हणाला, "ही उतरती पायरी मला थांबवता येते. पण पालिकेशी बचतीचा करार आहे, आणि वरचे मला विचारणार, तक्रारी दाखव. एकही तक्रार नाही वहिनी. एकही नाही."

"येणारच नाही," शाल्मली म्हणाली. "तीच तर तक्रार आहे."

*

मापाडी पुन्हा जोडला तो फक्त माईंनी बोलावं म्हणून. माई त्याच्यासमोर खुर्चीवर बसल्या. घर गोळा झालं होतं. रेवाने बटण दाबलं.

"म्हण ना आजी. तीनच शब्द आहेत."

माईंनी घसा साफ केला. ओठ हलले. मग त्या यंत्राला म्हणाल्या, "असू दे. तुमचं जे काही असेल त्यात चालेल मला."

रेवा उठून आतल्या खोलीत गेली आणि रडली. नको म्हणजे नको हे तीच म्हणाली होती, आणि ते चूक होतं असं अजूनही कुणी तिला म्हटलं नव्हतं. माई भिंतीला धरून तिच्या मागे गेल्या. दोघी बराच वेळ आत होत्या. बाहेर आल्यावर माईंनी शाल्मलीला सांगितलं, "माघी गणपतीच्या उत्सवातलं शेवटच्या दिवसाचं कीर्तन मी करणार आहे. शामरावांना निरोप दे."

"उभं तरी राहवेल का?"

"बसून करीन. देव काय मला उठाबशा काढायला सांगणार आहे?"

*

माघातलं ऊन कोवळं होतं. देवळाशेजारच्या मैदानात मांडव घातला होता, मागे महाप्रसादाच्या चुली धगधगत होत्या. नैवेद्य सकाळीच दाखवून झाला होता. कीर्तन, मग आरती, मग पंगत, असा शिरस्ता. फैजान आईला डॉक्टरांकडे दाखवायला मिरजेला घेऊन आला होता. शाल्मलीने बोलावलं म्हणून आई मांडवाच्या कडेला बसली होती आणि तो तिच्याशेजारी उभा होता.

माई स्टुलावर बसल्या. नमन झालं, भजन झालं. आवाज बारीक होता, पण सुराला चिकटून होता. मग त्यांनी गोष्ट लावली.

"एका गावात देवाचा स्वयंपाक करणारी एक बाई होती. नैवेद्य करायची, गावाला वाढायची, उरेल ते खायची. देवाला वाटलं, हिने जन्मभर केलं, आज हिला काही द्यावं. समोर येऊन उभा राहिला. 'बाई, काय देऊ?' बाई म्हणाली, 'काही नको देवा.' देव म्हणाला, 'अगं, मी विचारतोय.' 'तुझ्या कृपेने सगळं आहे.' तिसऱ्यांदा विचारलं. 'तुला असेल ते दे, नसेल तर राहू दे.' आणि देव रडायला लागला. का रडला? त्याच्याकडे सगळं होतं, फक्त तिच्या पदरात टाकायला जागा नव्हती. बाईने पदर पसरलाच नाही. मागणाऱ्यापुढे देव राजा असतो, बाबांनो. न मागणाऱ्यापुढे तो भिकारी होतो."

पेटीचा सूर धरून ठेवलेला होता. माई थोडं थांबल्या.

"मी तुम्हाला इतकी वर्षं वैराग्य सांगितलं. काही नको म्हणावं, आहे त्यात राहावं. ते खोटं नाही. पण माझं स्वतःचं वैराग्य मी गेल्या महिन्यात तपासून पाहिलं. वैराग्य नव्हतं ते. मला तोंड उघडता येत नव्हतं, आणि त्याला मी देवाची शाल पांघरली होती." त्यांनी मांडवभर नजर फिरवली. "आता एक विचारते. काल घरी ज्यांचं पोट भरलं नाही, त्यांनी हात वर करा."

मांडवात खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, "माई, सगळ्यांकडे मापाडी आहे, उपाशी कोण राहील?" हात एकही आला नाही. बायका एकमेकींकडे बघून हसल्या आणि पदर सारखे करत खाली बघू लागल्या.

"देवासमोर बसला आहात," माई म्हणाल्या.

तरी कुणी हललं नाही.

माईंनी मांडीवरची झांज खाली ठेवली. ओठ पुन्हा तसेच हलू लागले, यंत्रासमोर हलले होते तसे. शाल्मलीला वाटलं आता त्या सवयीने काहीतरी हसवतील आणि वेळ मारून नेतील. पण माईंनी उजवा हात हळूहळू खांद्याच्या वर उचलला. त्यांनी तो खाली घेतला नाही.

"मला काल भूक होती," माई म्हणाल्या. "आजही आहे."

पेटी थांबली. मागच्या चुलीवर भात रटरटताना ऐकू येऊ लागला. मग बायकांच्या बाजूने, तिसऱ्या ओळीतून, एक हात वर आला. सोसायटीत दुसरं बक्षीस मिळालेल्या घरच्या भोकरेआजींचा तो हात. शेजारी बसलेल्या सुनेने त्यांच्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. नंतर खांबाजवळून एक. नंतर दोन-तीन एकदम. हात असे वर येत होते जसे शाळेत उत्तर चुकेल म्हणून पोरं अर्धवट वर करतात, कोपरातून, डोक्याच्या खालीच. एका म्हाताऱ्याने इकडेतिकडे बघून टोपी धरलेला हात वर केला.

मांडवाच्या कडेला फैजान उभाच होता. त्याने वळून खाली बघितलं. त्याच्या आईने ओढणीतून हात बाहेर काढला होता. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

फैजान तिच्या शेजारी जमिनीवर बसला. थोड्या वेळाने तो उठून शाल्मलीपाशी आला आणि म्हणाला, "सोमवारी पायरी थांबवतो. ताट रिकामं गेलं तर दुसऱ्या दिवशी वाढवून बघायचं, कमी करून नाही. करारवाल्यांना मी सांगेन, या मांडवात या म्हणून."

समोर माई शामरावांना सांगत होत्या, "पेटी मिटा. उत्तररंग जेवणानंतर."

देवस्थानचे विश्वस्त लगबगीने पुढे आले. "माई, आरती व्हायची आहे अजून. असं आजवर झालेलं नाही."

"नैवेद्य झालाय ना?"

"झालाय, पण—"

"मग देव जेवलेला आहे. आरती आम्ही पोटात घास गेल्यावर करू, आवाज तरी निघेल. ज्यांनी हात वर केले त्यांना पहिल्या पंगतीला बसवा. आणि सुनांनो, लेकांनो, तुम्ही वाढा."

विश्वस्त घोटाळले, मग त्यांनीच आचाऱ्यांना हाक मारली. मैदानात पत्रावळी पडल्या. भोकरेआजींना त्यांच्या सुनेने हाताला धरून बसवलं. फैजानची आई माईंच्या शेजारी बसली. रेवा मीठ-लिंबू वाढत गेली, श्रीरंग पाणी.

शाल्मलीकडे भाताचं भांडं होतं. माईंच्या पत्रावळीवर तिने एक मूद घातली, आणि पुढे न जाता तिथेच उभी राहिली. आग्रह तिच्या ओठांवर आला होता. तो तिने गिळला. भांड्याची कडी हाताला भाजत होती. मागे पंगत खोळंबली होती.

माईंनी मूद कालवली. एक घास घेतला, दुसरा घेतला. शेवटचं शीतही बोटाने टिपलं. मग मान वर केली.

"भात अजून वाढ, शाल्मली," त्या म्हणाल्या. "आणि वरण घाईने ओतू देऊ नकोस. आधी भात."